मुंबईत बराच काळ नोकरी नाही? सरकारी प्रशिक्षणाच्या योजनांपर्यंत पोचायचं कसं

नोकरी सुटून वर्ष-दोन वर्षं झाली की ओळखीतले लोक सल्ले द्यायला लागतात. कोणी म्हणतं ‘महास्वयमवर नाव टाक’, कोणी म्हणतं ‘स्किल इंडियाचा कोर्स कर’, कोणी व्हॉट्सॲपवर ‘दरमहा दहा हजार, आजच अर्ज करा’ असा फॉरवर्ड पाठवतं. त्यातलं खरं काय, आधी काय करायचं आणि कुठे अडकायला होतं, हे एका ठिकाणी लिहिलेलं मला कुठे सापडलं नव्हतं. मी बी. कॉम. आहे, मधली काही वर्षं घरी होते आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पुन्हा कामाला लागले. त्यामुळे या योजनेबद्दल सविस्तर लिहिते, बाकीच्यांबद्दल गरजेपुरतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. या योजनांमधून मिळतं ते प्रशिक्षण, विद्यावेतन आणि शेवटी एक प्रमाणपत्र. नोकरी मिळेलच असा शब्द त्यात कुठेही नाही. मग उपयोग काय? रिझ्युमेमधली लांबलेली पोकळी भरते आणि ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला उत्तर तयार होतं. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा हे करावं. फक्त विद्यावेतनाचा आकडा बघून जागा निवडू नका.

१. आपण कुठे बसतो ते आधी बघा

वय आणि शिक्षण, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

वय १८ ते ३५, महाराष्ट्राचे रहिवासी, किमान बारावी पास आणि सध्या कुठे शिकत नाही, असं असेल तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना तुमच्यासाठी आहे. ती जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. बारावीला महिना ₹६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ₹८,०००, पदवीधर आणि पदव्युत्तरांना ₹१०,०००. मुदत आधी सहा महिन्यांची होती, २०२५ मध्ये ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. अशा योजनांच्या अटी शासन निर्णयागणिक बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी नवी भरती चालू आहे का आणि ताज्या शासन निर्णयात काय लिहिलंय हे महास्वयमच्या, म्हणजे राज्य सरकारच्या रोजगार-कौशल्याच्या, संकेतस्थळावर बघून घ्या. आणि लाभ एकदाच मिळतो, हे विसरू नका. पाचव्या मुद्द्यात जागेबद्दल एवढं लांबलचक लिहिलंय ते त्यामुळेच.

आयटीआय झालंय आणि वय चोविसाच्या आत आहे, तर आधी शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, बघा. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा आहे. मुंबईत रेल्वेचे परळ, माटुंगा, लोअर परळचे वर्कशॉप, माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड अशा ठिकाणी या कायद्याखाली मुलं घेतात. वयाच्या अटी कडक असतात. माझगाव डॉकच्या काही गटांत तर विशीच्या आसपासच दार बंद होतं. पण त्या प्रमाणपत्राला कारखान्यांत जी किंमत आहे, ती सहा महिन्यांच्या कुठल्याही कोर्सला नाही.

पस्तिशी ओलांडली असेल तर सरळ आठव्या मुद्द्यावर जा.

आणखी एक प्रश्न सारखा विचारला जातो: मुंबईत रोजगार हमीचं काम मिळतं का? नाही. १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, पण ती पहिल्यापासून ग्रामीण भागासाठी. पुढे केंद्राने २००५ मध्ये केलेला कायदाही ग्रामीण कुटुंबांसाठीच होता. गंमत अशी की त्या हमीसाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये जो व्यवसाय कर बसवला, तो मुंबईतला पगारदार आजही भरतो. तुमच्या जुन्या सॅलरी स्लिपवर ‘पी. टी. २००’ दिसेल, तोच. शहरातल्या बेकाराला मात्र तशी हमी नाही.

नोकरी नुकतीच गेली असेल आणि पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापलं जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी ईएसआयसीच्या शाखेत लगेच करा. सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. ही योजना मुदतवाढीवर चालते आणि दावा करायला फार उशीर करून भागत नाही.

२. कागदपत्रं: अर्जाच्या आधी, नंतर नाही

लागतात ती ही:

– आधार कार्ड, चालू मोबाइल नंबर जोडलेलं
– अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला डोमिसाइल म्हणतो
– दहावी, बारावी, पदवी किंवा आयटीआयची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं
– शाळा सोडल्याचा दाखला
– बँक पासबुकाचं पहिलं पान
– पासपोर्ट साइझ फोटो, स्कॅन केलेला
– जुन्या नोकरीचं अनुभवपत्र असेल तर तेही

यादी साधी आहे. अडचण येते ती नावात. दहावीच्या गुणपत्रकावर आपलं नाव आडनावापासून सुरू होतं आणि मग वडिलांचं नाव येतं. आधारवर ते उलटं असतं. त्यात लग्न झालेल्या बायकांचं आणखी वेगळं: गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकावर दोन्हींची खिचडी. आडनाव मागेपुढे असलं तर चालून जातं. पण नावच वेगळं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. राजपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. हे काम शासकीय मुद्रणालयाकडे आहे, चर्नी रोड स्टेशनजवळ. एजंट त्यासाठी वाटेल ती रक्कम सांगतात. सरकारी फी भरून स्वतः करा, अवघड नाही.

डोमिसाइल नसेल तर आजच अर्ज टाका. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून होतो. महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा मागतात. रेशन कार्ड, लाइट बिल, शाळेचा दाखला असं काहीतरी सलग दाखवता आलं पाहिजे. चाळीत जन्मलेल्याला हे सोपं जातं. दर अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्या भाडेकरूंचे हाल होतात. त्यांनी शाळा-कॉलेजचे दाखले पुढे करावेत, कारण त्यात वर्षांची साखळी आपोआप जुळते. स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर चालतं.

मुंबईत दोन जिल्हे आहेत, हेही ध्यानात घ्या. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर, त्यापुढे मुंबई उपनगर. शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये, उपनगरचं वांद्रे पूर्वेला. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके. भांडुपच्या माणसाने फोर्टला जाऊन रांग लावली तर त्याला तिथून परत पाठवतात आणि तो दिवस जातो.

३. बँक खातं: सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात

विद्यावेतन थेट खात्यात येतं, डीबीटीने. अर्जदार म्हणतो, ‘माझं खातं आधारला लिंक आहे की!’ बँकेतला माणूसही मान डोलावतो. तरी पैसे येत नाहीत.

कारण असं. बँकेकडे तुमचा आधार नंबर नोंदलेला असणं ही एक गोष्ट. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, तिच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर कुठली बँक लिहिली आहे, ही दुसरी. डीबीटी त्या दुसऱ्या नोंदीप्रमाणे जाते. शेवटी ज्या खात्याला तुम्ही डीबीटीसाठी संमती दिली, ते खातं तिथे असतं. मग ते जुन्या कंपनीने उघडून दिलेलं सॅलरी अकाउंट का असेना, जे तुम्ही आता वापरतही नाही. लाडकी बहीण योजनेच्या वेळी कित्येकींचे पैसे भलत्याच विसरलेल्या खात्यात जाऊन पडले, ते याच कारणाने.

करायचं एवढंच: माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ असं दिसलं पाहिजे. दुसरीच बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा. ‘आधार लिंक करायचंय’ असं म्हणू नका. ‘एनपीसीआय मॅपिंग करायचंय, डीबीटीसाठी’ असं म्हणा, म्हणजे काउंटरवरचा माणूस योग्य फॉर्म काढतो. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. बँक टोलवाटोलवी करत असेल तर जवळच्या टपाल कार्यालयात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडा, डीबीटीसाठी लोक सर्रास तेच वापरतात.

खातं बराच काळ बंद पडलेलं असेल तर केवायसीही करून घ्या. नाहीतर अशा खात्यात आलेले पैसे अडकू शकतात.

४. महास्वयमवर नोंदणी

पूर्वीच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड घरात कुठेतरी असेल, तर ते आता आठवण म्हणून ठेवा. नोंदणी नव्याने महास्वयमच्या रोजगार पोर्टलवर होते. आधार, ओटीपी, मग वैयक्तिक माहिती, शिक्षण, कौशल्यं, कागदपत्रं अपलोड. शेवटी नोंदणी क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा.

अर्ज मोबाइलवरून भरता येतो, पण कागद चढवताना त्रास होतो. फाइलचा आकार ठरवून दिलेला असतो आणि फोनने काढलेला फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा निघतो. एकदाच नीट स्कॅन करून सगळ्या फाइल छोट्या करून ठेवा. गुणपत्रकाचा क्रमांक किंवा उत्तीर्ण झाल्याचं वर्ष चुकलं तर पुढे पडताळणीत अडतं. शिक्षणाची पातळी तर दोनदा तपासा: पदवीधराने बारावीवरच माहिती सोडून दिली, तर विद्यावेतन ₹६,००० च्या गटात जाऊ शकतं.

कौशल्यांच्या रकान्यात बहुतेक जण ‘एमएस-सीआयटी’ एवढंच लिहितात. टॅली येतं, मराठी टायपिंग येतं, जीएसटीचं रिटर्न भरलंय, गाडी चालवता येते, जे येतं ते लिहा. आस्थापना, म्हणजे प्रशिक्षणाला घेणारी कार्यालयं आणि कंपन्या, त्यावरूनच उमेदवार शोधतात.

५. जागा निवडताना घाई नको

पोर्टलवर जाहिराती दिसतात: सरकारी कार्यालयं, महामंडळं, खासगी कंपन्या. खासगी आस्थापनेला योजनेत यायला किमान तीन वर्षं जुनी असण्याची अट आहे. निवड आस्थापना करते, पोर्टल नाही. म्हणजे अर्ज करून वाट बघत बसायचं नाही. फोन करायचा, शक्य असेल तर जाऊन भेटायचं.

सरकारी की खासगी? बहुतेकांचा ओढा सरकारी कार्यालयाकडे असतो. साहजिक आहे, नावाला वजन आहे, वेळा ठरलेल्या असतात. पण तिथे काय काम मिळेल हे नशिबावर आहे. मी ज्या कार्यालयात होते तिथे पहिले काही आठवडे मला आवक-जावक रजिस्टरवर बसवलं होतं. टपाल आलं की क्रमांक टाकायचा, तारखेचा शिक्का मारायचा, विषय एका ओळीत लिहायचा आणि कुठल्या टेबलाला गेलं ते लिहायचं. कंटाळा यायचा. पण त्या रजिस्टरमुळे कुठली फाइल कोणाकडे आणि का अडते ते कळलं, आणि लेखा शाखेत माणूस कमी पडला तेव्हा ‘मला टॅली येतं’ म्हणायची संधीही मिळाली. माझ्याबरोबरच्या एका मुलाला मात्र शेवटपर्यंत झेरॉक्स आणि चहाच्या पलीकडे काही मिळालं नाही. तो कधी मागायलाही गेला नाही, हेही खरं.

खासगीत उलट. काम भरपूर, शिकायला जास्त, पण काही ठिकाणी प्रशिक्षणार्थी म्हणजे फुकटचा हात. सरकार विद्यावेतन देतंय म्हटल्यावर मालकाला काय पडलंय? योजनेत तुम्ही कर्मचारी नसता, त्यामुळे किमान वेतन, पीएफ वगैरे कायदे लागू होत नाहीत. म्हणून भेटीतच विचारा: मला कोण शिकवणार? रोजची वेळ काय? याआधी घेतलेल्यांपैकी कोणाला ठेवून घेतलंय का? शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी आस्थापना, उत्तर ‘नाही’ असलं तरी, टाळाटाळ करणाऱ्या आस्थापनेपेक्षा बरी.

आणि प्रवास! ₹६,००० मधून लोकलचा पास, स्टेशनपासूनची शेअर रिक्षा आणि अधूनमधून बाहेरचं खाणं वजा करून बघा. बोरिवलीहून फोर्टला जाणाऱ्याच्या हातात काय उरतं ते कागदावर मांडा. जवळची साधी जागा कधीकधी लांबच्या भारी जागेपेक्षा परवडते. मात्र लांबच्या जागी खरोखर शिकायला मिळणार असेल तर मी लांबची घेईन.

६. रुजू झाल्यावर

रुजू होण्याच्या दिवशी रुजू अहवालाची प्रत घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का असू द्या. हजेरी आस्थापनेने दर महिन्याला ऑनलाइन भरायची असते आणि विद्यावेतन त्यावरच निघतं. महिन्यात १० किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलात तर त्या महिन्याचं विद्यावेतन मिळत नाही. पहिल्याच महिन्यात सोडलंत तर काहीच मिळत नाही.

मस्टरवर सही रोज करा. ‘उद्या दोन्ही दिवसांच्या करू’ म्हणणाऱ्यांची महिनाअखेरीला पळापळ होते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मस्टरच्या पानाचा फोटो काढून ठेवा, परवानगी विचारून. आणि हजेरी पोर्टलवर जो भरतो त्याची ओळख करून घ्या. बहुतेक ठिकाणी हे एकाच माणसाकडे असतं, आणि तो रजेवर गेला की सगळ्यांचे पैसे लटकतात.

७. विद्यावेतन आलं नाही तर

उशीर होतो. हे गृहीत धरून निदान दोन महिन्यांची सोय आधी करून ठेवा, कारण पास तर काढावाच लागतो.

चौकशीचा क्रम असा ठेवा. आधी स्वतःचं सीडिंग स्टेटस. मग आस्थापनेने हजेरी भरली का. भरली असेल तर जिल्ह्याचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. तिथे तोंडी विचारलंत तर ‘वरून निधी यायचाय’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. लेखी अर्ज द्या. नोंदणी क्रमांक, आस्थापनेचं नाव, कुठल्या महिन्याचं बाकी आहे ते लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महास्वयमचा टोल फ्री नंबर १८०० १२० ८०४० आहे. फोन केलात तर तक्रार क्रमांक मागून घ्या.

८. पस्तिशीच्या पुढे असाल तर

या वयात योजनांची दारं कमी होतात, हे मान्य करूनच बोलू. तरी तीन वाटा आहेत.

काम येतं पण कागद नाही, अशांसाठी प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय आहे, सगळे तिला ‘आरपीएल’ म्हणतात. वीस वर्षं वायरिंग केलेला माणूस थोडक्या दिवसांची उजळणी आणि परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेऊ शकतो. वयाची मर्यादा बरीच वर आहे, पन्नाशीतले लोकही करतात. सोसायट्यांच्या आणि मॉलच्या देखभालीची कंत्राटं घेणारे ठेकेदार हल्ली असं प्रमाणपत्र मागतात.

दुसरी, पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ पारंपरिक कामांसाठी: सुतार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट, चांभार, फुलांचे हार करणारे वगैरे. वयाची वरची मर्यादा नाही, घरातल्या एकालाच मिळते. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ₹५००, अवजारांसाठी ₹१५,००० चं व्हाउचर आणि पुढे पाच टक्के व्याजाने कर्ज, पहिल्या टप्प्यात ₹१ लाख. नोंदणी सीएससी केंद्रातून, बोटांचे ठसे घेऊन. दादरच्या फूलबाजारात हार ओवणारी बाईही यात बसू शकते, पण हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

तिसरी वाट आयटीआयची. प्रवेशाला वयाची वरची अट नाही. कुर्ला, मुलुंड, लोअर परळ इथल्या शासकीय आयटीआयमध्ये फी अगदी कमी. वर्गात पोरं विशीच्या आतली असतील, तेवढं सोसायची तयारी ठेवा.

स्वतःचा धंदा काढायचा असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. तो कर्जाचा मामला आहे. घरात दुसरा पगार नसेल तर मी त्याच्या नादाला एवढ्यात लागणार नाही.

९. फसवणूक ओळखा

नोंदणीला पैसे लागत नाहीत. ‘सीट बुक करायला ₹५००’, ‘युनिफॉर्मचं डिपॉझिट’, ‘साहेबांना द्यावे लागतात’ असं कोणीही म्हटलं की उठून निघा. खऱ्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, त्याच नावाची नक्कल भरपूर आहे. ओटीपी कोणाला सांगू नका, सायबर कॅफेवाल्यालाही नाही. तिथून निघताना लॉगआउट करा आणि डेस्कटॉपवर राहिलेल्या आधारच्या प्रती पुसून टाका.

काही खासगी प्रशिक्षण केंद्रं हजेरी कागदावर दाखवून वर्ग घेतच नाहीत. प्रवेश घेण्याआधी एकदा वर्ग चालू असताना जा. मशीन्सवरची धूळ बघितली की सगळं कळतं.

१०. मुदत संपण्याआधी

सरकारी कार्यालयात प्रशिक्षण घेतलेल्या अनेकांना वाटलं की इथेच कायम होऊ. त्यासाठी मोर्चे निघाले, आंदोलनं झाली. मागणीबद्दल मत काहीही असो, योजनेत तसा हक्क लिहिलेला नाही, म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच बाहेर अर्ज टाकायला लागा. केंद्राचं नोकऱ्यांचं एनसीएस पोर्टल फुकट आहे, तिथेही नाव ठेवा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर नाव, कालावधी आणि कामाचं स्वरूप तिथल्या तिथे वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करायला सांगा. सही करणारे अधिकारी बदलून गेले की पुन्हा सही मिळवणं फार जिकिरीचं होतं. प्रमाणपत्राशिवाय, ज्यांच्या हाताखाली काम केलंत त्यांच्याकडून तुम्ही नेमकं काय केलंत याचं अर्ध्या पानाचं पत्र मागा. मसुदा स्वतः टाइप करून न्या म्हणजे ते सही करतात. मुलाखतीत मला त्या पत्रावरूनच जास्त प्रश्न आले.